स्वतःच्याच भाषेत लिहिलेला कंपायलर आणि त्याची पहिली पायरी

माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामचे, यंत्राला पाळता येतील अशा आज्ञांमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. माणसाने लिहिलेला मजकूर म्हणजे सोर्स, आणि रूपांतरानंतर हाती येणारी, यंत्राला थेट चालवता येणारी परंतु माणसाला सहजी न वाचता येणारी फाइल म्हणजे बायनरी. कंपायलर हाही अखेर एक प्रोग्रामच असल्याने तो कोणत्या ना कोणत्या भाषेत लिहावा लागतो, आणि अनेक भाषांच्या बाबतीत तो त्याच भाषेत लिहिलेला असतो. हॅस्केलचा कंपायलर हॅस्केलमध्ये आहे, गोचा गोमध्ये आणि रस्टचा रस्टमध्ये. अशा कंपायलरला व्यवसायात सेल्फ-होस्टेड म्हणतात. भाषा इतकी समर्थ झाली की तिचा स्वतःचा कंपायलर तिच्यातच लिहिता येतो, ही तिच्या रचनाकारांच्या दृष्टीने मोठी कसोटी असते, आणि ती पार पडल्यावर जुना, दुसऱ्या भाषेत लिहिलेला कंपायलर बहुधा बाजूला ठेवला जातो.

अडचण तेथेच सुरू होते. रस्टच्या कंपायलरचा सोर्स कोणालाही मिळतो, तो ओळन्‌ओळ वाचता येतो, परंतु त्याची बायनरी करायची तर आधी रस्टचा चालू स्थितीतला कंपायलर हाती असावा लागतो. बहुतेक लोक तयार बायनरी उतरवून घेतात आणि पुढच्या कामाला लागतात. मात्र ज्यांना संपूर्ण संगणकप्रणाली सोर्सपासून उभारायची असते, त्यांना हा मार्ग स्वीकारता येत नाही, कारण त्यांच्या कामाचे मूळ तत्त्वच असे की वापरात येणाऱ्या प्रत्येक बायनरीमागे वाचता येणारा मजकूर असला पाहिजे आणि त्या मजकुरापासून ती बायनरी पुन्हा घडवता आली पाहिजे. काहीही तयार न घेता, किंवा घ्यावेच लागले तर अगदी थोडे घेऊन, अशा कंपायलरपर्यंत पायरीपायरीने पोहोचण्याच्या या कामाला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. हे काम करणाऱ्यांच्या अनुभवातून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पुढे येते, ती अशी की केवळ सोर्स खुला असणे पुरेसे नसते. तो सोर्स जिवंत करण्याची वाटही त्याच्याबरोबर जपलेली असावी लागते.

ही वाट पूर्वी होती आणि ती माणसाच्या श्रमाने तयार झाली होती, हे इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते. एखाद्या भाषेचे भाषांतर करण्याची पद्धत त्याच भाषेत मांडता येते, हे कोराडो बोम यांनी झुरिच येथील ईटीएच या संस्थेतील 1951 सालच्या प्रबंधात दाखवले होते. 1962 साली एमआयटीमध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. लिस्पचा इंटरप्रिटर, म्हणजे सोर्स आधी रूपांतरित न करता थेट वाचून चालवणारा प्रोग्राम, त्यांच्याजवळ असल्याने त्या इंटरप्रिटरवर कंपायलर चालवून त्याच्याकडूनच त्याचे रूपांतर करवून घेता आले. निकलाउस विर्ट यांच्या पास्कलची हकीकत अधिक बोलकी आहे. पास्कलचा पहिला कंपायलर फोरट्रानमध्ये लिहिण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा तो नव्याने पास्कलमध्येच लिहायचे ठरले. परंतु पास्कल वाचणारे यंत्र जगात कोठेही नसल्याने रुडॉल्फ शिल्ड या सहकाऱ्याने तो संपूर्ण प्रोग्राम हाताने एका खालच्या पातळीवरच्या भाषेत उतरवला, आणि त्या हस्तभाषांतरावर पुढची सारी परंपरा उभी राहिली. प्रत्येक सेल्फ-होस्टेड भाषेच्या मुळाशी असे काही श्रम असतात. कंपायलर स्वतःला घडवू लागला की ते श्रम अदृश्य होतात, आणि काही वर्षांनी त्यांची पुनरावृत्ती करण्याचे साधनही उरत नाही.

ही केवळ इतिहासप्रेमाची बाब नाही, हे केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या आणि 1984 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवून दिले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : कंपायलरच्या बायनरीत जर अशी खोड लपवली की लॉगिनचा प्रोग्राम रूपांतरित होताना त्यात चोरवाट घातली जाईल, आणि कंपायलरचा स्वतःचा सोर्स रूपांतरित होताना हीच खोड नव्या बायनरीत पुन्हा उमटेल, तर सोर्समधून त्या खोडीच्या सर्व खुणा पुसून टाकल्या तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते. सोर्स निर्दोष, वाचणारा दक्ष, आणि तरीही यंत्र फसवे, ही स्थिती त्यामुळे संभवते. या शक्यतेला डेव्हिड व्हीलर यांनी 2005 सालच्या शोधनिबंधात आणि पुढे 2009 सालच्या आपल्या प्रबंधात एक व्यवहार्य उत्तर दिले. संशयित कंपायलरचा सोर्स एका पूर्णपणे वेगळ्या कंपायलरकडून रूपांतरित करून घ्यावा, जो कंपायलर तयार होईल त्याच्याकडून तोच सोर्स पुन्हा रूपांतरित करावा, आणि अखेरची बायनरी मूळ बायनरीशी बिट न्‌ बिट जुळते का ते पाहावे, अशी ही दुहेरी पडताळणी आहे. मात्र तिच्यासाठी दुसरा, स्वतंत्रपणे लिहिलेला कंपायलर अस्तित्वात असावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक सेल्फ-होस्टेड भाषांकडे नसतो.

रस्टच्या उदाहरणात हा सारा प्रश्न स्पष्ट उमटलेला आहे. ग्रेडन होअर यांनी आरंभलेल्या या भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमल भाषेत लिहिलेला होता. 2011 साली रस्टमध्ये लिहिलेल्या कंपायलरने स्वतःचे रूपांतर केले आणि ओकॅमलमधला कंपायलर मागे पडला. 15 मे 2015 रोजी आवृत्ती 1.0 प्रसिद्ध होईपर्यंत भाषेचे व्याकरण आणि नियम सतत बदलत होते, आणि कंपायलरचा सोर्स ज्या मधल्या बायनरींनी रूपांतरित होत असे त्याही वारंवार बदलत होत्या. त्यामुळे ओकॅमलपासून आजवरची मूळ वाट पुन्हा चालायची तर त्या काळातली प्रत्येक मधली अवस्था शोधून तिला पुन्हा जिवंत करावे लागेल. 1.0 नंतर नियम साधा झाला : कोणतीही आवृत्ती तिच्या लगतच्या आधीच्या आवृत्तीने रूपांतरित करता यावी. नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येत असल्याने या नियमाने कंपायलर लिहिणाऱ्यांचे काम सुकर झाले, कारण भाषेत नुकतीच आलेली सुविधा त्यांना लगेच वापरता येते. परंतु याच नियमामुळे मुळापासून चढू पाहणाऱ्याच्या वाट्याला दरवर्षी आठ-नऊ नव्या पायऱ्या येतात.

या कोंडीतून वाट काढली ती जॉन हॉज यांनी लिहिलेल्या एमरस्टसी या कंपायलरने. हा कंपायलर सी-प्लस-प्लस भाषेत लिहिलेला आहे, तो रस्टचा सोर्स वाचतो आणि त्याचे सी भाषेत रूपांतर करतो, व पुढचे काम सीच्या कंपायलरवर सोपवतो. त्याच्या रचनेमागचा विचार मननीय आहे. स्मृतीतील कोणत्या भागावर कोणाची मालकी आहे आणि तो भाग कोणाला किती काळ वापरता येईल याची कडक तपासणी हे रस्टचे वैशिष्ट्य समजले जाते, आणि ही तपासणी करणारा भाग लिहिणे अतिशय अवघड आहे. परंतु ती चुकीचे प्रोग्राम नाकारण्यासाठी असते, बरोबर प्रोग्रामपासून कोणत्या आज्ञा तयार व्हाव्यात हे तिच्यावर अवलंबून नसते. रस्टच्या कंपायलरचा प्रसिद्ध झालेला सोर्स अधिकृत कंपायलरने आधीच तपासलेला असल्याने एमरस्टसीने ही तपासणी सोडून दिली. एका ठरावीक, आधीच योग्य ठरलेल्या मजकुराचे अचूक रूपांतर करणे एवढेच त्याचे काम, आणि म्हणून एका माणसाच्या चिकाटीला ते आटोक्यात आले. सर्व वापरकर्त्यांसाठीचा कंपायलर आणि पहिल्या पायरीचा कंपायलर यांची कर्तव्ये वेगळी असतात, हा धडा या क्षेत्रातल्या प्रत्येकाने येथून घेण्यासारखा आहे.

ग्नू गीक्स या प्रणालीने 2018 साली एमरस्टसीच्या आधाराने रस्टची आवृत्ती 1.19 घडवली, तिच्याकडून 1.20, तिच्याकडून 1.21, अशी साखळी तेव्हाच्या ताज्या आवृत्तीपर्यंत नेली. पुढे एमरस्टसीला अनुक्रमे 1.29, 1.39, 1.54 आणि 1.74 या आवृत्त्या रूपांतरित करता येऊ लागल्या, आणि दर वेळी साखळीचा खालचा मोठा भाग गळून पडून चढण कमी झाली.

प्रत्यक्ष कामात उतरलेल्या माणसाला मात्र ही साखळी आकृतीत दिसते तितकी सरळ लाभत नाही. रस्टचा कंपायलर एकटा उभा नसतो. यंत्राच्या आज्ञा तयार करण्यासाठी त्याला एलएलव्हीएम हे सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेले प्रचंड साधन लागते, त्याची बांधणी सुरू करणारी स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहिलेली असते, आणि बाहेरच्या कित्येक लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार भाग, ठरावीक आवृत्त्यांच्याच लागतात. एमरस्टसीने तयार केलेल्या सीच्या फाइली इतक्या मोठ्या असतात की त्यांचे रूपांतर करताना कित्येक गिगाबाइट स्मृती खर्ची पडते आणि यंत्र तासन्‌तास गुंतून राहते. शिवाय जुना सोर्स आजच्या परिसरात रुळत नाही. जीसीसी या कंपायलरने 2020 साली दहाव्या आवृत्तीत आपला एक मूळ नियम बदलला आणि एकच जागतिक चल अनेक फाइलींमध्ये नुसते घोषित करणारे जुने सी प्रोग्राम जोडणीच्या टप्प्यावर अडू लागले. 2021 साली ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीच्या 2.34 या आवृत्तीत, तोवर स्थिर संख्या मानलेले एक मूल्य स्थिर राहिले नाही आणि ते गृहीत धरणारे आणखी काही प्रोग्राम बंद पडले. मागच्या आवृत्त्यांशी सुसंगत राहण्याचे वचन देणारी रस्टही याला अपवाद नाही. 2024 सालच्या 1.80 या आवृत्तीत प्रमाण लायब्ररीत पडलेल्या एका लहानशा भरीमुळे ‘टाइम’ या बहुवापरातल्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या रूपांतरित होईनाशा झाल्या. म्हणून प्रत्येक पायरीला तिच्या काळातला परिसर द्यावा लागतो, किंवा तिच्या सोर्सला लहानसे ठिगळ लावावे लागते, आणि ते ठिगळ का लावले याची नोंद ठेवावी लागते, कारण पुढच्या वाचणाऱ्याला ते कारण स्वतःहून कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

यातही सर्वांत अवघड ठरतात त्या एका पायरीवर जन्मून दुसऱ्या पायरीवर प्रकटणाऱ्या चुका. पहिल्या कंपायलरने एखादी आज्ञा चुकीची तयार केली, तर त्याने घडवलेला दुसरा कंपायलर वरवर नीट चालतो, आणि दुसऱ्याने घडवलेला तिसरा कोठेतरी भलत्याच ठिकाणी कोसळतो. जेथे दोष दिसतो तेथील सोर्स निर्दोष असतो आणि जेथे दोष आहे तेथे काहीच दिसत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती केवळ धिम्या वाचनाची सवय : दोन वाटांनी घडवलेल्या बायनरी शेजारी ठेवून पहिला फरक कोठे पडतो ते शोधणे, तो फरक कोणत्या फंक्शनमधला आहे ते ठरवणे आणि मग एक पिढी मागे जाऊन त्या फंक्शनचे रूपांतर कसे झाले ते तपासणे. या कामात वेगाला फारशी किंमत नाही. दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेला मजकूर आदराने आणि बारकाईने वाचण्याची तयारी ज्याच्याजवळ असते तोच येथे टिकतो, आणि ज्याने एकदा असे वाचन केले त्याला आपण वापरत असलेल्या भाषेची जाण पूर्वीपेक्षा फार वेगळ्या प्रकारे येते.

याच कारणाने तुलना हा या कामाचा कणा आहे. जीसीसीची प्रमाण बांधणी तीन टप्प्यांत होते : यंत्रावर आधीच असलेल्या कंपायलरने पहिला टप्पा घडवायचा, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा, आणि मग दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याच्या फाइली बिट न्‌ बिट सारख्या आहेत की नाहीत ते पाहायचे. दोन्ही टप्पे एकाच सोर्सपासून आणि एकाच अर्थाच्या कंपायलरने घडलेले असल्याने ते सारखेच निघायला हवेत, आणि तसे न निघाल्यास बांधणी तेथेच थांबवली जाते. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने आपल्या कार्यशाळांमधून या कंपायलरची अंतर्रचना आणि त्याची बांधणी हे विषय पद्धतशीरपणे शिकवले, ही मराठी वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. तुलना सार्थ व्हायची तर बायनरीत बांधणीची तारीख, फोल्डरचे नाव किंवा फाइली वाचल्याचा योगायोगाचा क्रम उमटता कामा नये, आणि म्हणून एका सोर्सपासून सर्वत्र तीच बायनरी मिळावी यासाठी चाललेले प्रयत्न आणि बूटस्ट्रॅपिंगचे काम ही एकमेकांना आधार देत पुढे गेली आहेत.

एमरस्टसीपाशी पोहोचले तरी प्रश्न संपत नाही, कारण त्याला सी-प्लस-प्लसचा कंपायलर लागतो आणि तोही कोणीतरी घडवलेला असतो. या उतरणीचा तळ गाठण्याचे काम 2023 साली गीक्समध्ये पूर्णत्वाला गेले. पूर्वी या प्रणालीच्या मुळाशी सुमारे 250 मेगाबाइटच्या तयार बायनरी होत्या. आता तेथे केवळ 357 बाइटचा एक प्रोग्राम आहे. हेक्स-झिरो नावाचा हा प्रोग्राम षोडशमान अंकांच्या जोड्या वाचतो आणि प्रत्येक जोडीचा एक बाइट लिहितो, बाकीचा मजकूर टिपणी म्हणून सोडून देतो. त्याच्या साहाय्याने, नावे दिलेल्या जागांकडे उडी घेता येईल असे थोडे अधिक समर्थ साधन घडते, त्यातून यंत्राच्या आज्ञा नावांनी लिहू देणारा असेम्ब्लर, त्यातून सी भाषेचा लहानसा भाग समजणारा कंपायलर, त्यातून मेस हा स्कीम भाषेचा इंटरप्रिटर आणि त्यावर चालणारा सीचा कंपायलर, त्यातून फाब्रिस बेलार यांचा टायनीसीसी, आणि त्यातून 2001 सालचा जीसीसी 2.95.3. पुढे एक अरुंद खिंड लागते. 2013 साली आलेल्या 4.8 या आवृत्तीपासून जीसीसीच्या बांधणीला सी-प्लस-प्लसचा कंपायलर लागतो. सीच्या बळावर उभी राहणारी शेवटची मालिका 4.7 ची, म्हणून 4.7 किंवा तिच्या आधीची एखादी आवृत्ती ओलांडल्यावाचून आजच्या जीसीसीपर्यंत जाता येत नाही. जुन्या आवृत्त्यांचे सोर्स कोणीतरी निष्ठेने सांभाळून ठेवले, म्हणूनच ही खिंड आज ओलांडता येते.

या प्रवासात काम करणारे एका नियमाबाबत फार कडक असतात, तो नियम असा की यंत्राने तयार केलेली फाइल सोर्स म्हणून स्वीकारायची नाही. अनेक प्रकल्पांनी प्रसिद्ध केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यांमध्ये बांधणीची पूर्वतयारी करणाऱ्या हजारो ओळींच्या स्क्रिप्ट, किंवा व्याकरणाच्या नियमांवरून तयार झालेल्या सीच्या फाइली असतात. त्या दिसायला मजकूर असल्या तरी कोणी माणूस त्या वाचत नाही. हा आग्रह अतिरेकी वाटू शकतो, परंतु मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइल-संकोचनाच्या साधनात सापडलेल्या चोरवाटेने त्याचे महत्त्व सर्वांना पटवले. तेथे घातक भाग चाचणीच्या फाइलींमध्ये दडवलेला होता, आणि त्याला जागे करणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या सोर्सच्या भांडारात नसून फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातल्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये होती. कोणी वाचत नाही अशा जागीच तो धोका बसला होता.

हे सारे साधल्यावरही विश्वासाचा प्रश्न पूर्णपणे सुटतो असे म्हणता येत नाही. 357 बाइटचा प्रोग्राम ज्या कर्नलवर, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्यावर, चालतो तो कर्नल, ज्या प्रोसेसरवर चालतो तो प्रोसेसर, आणि बांधणीचा क्रम हाकणारा प्रोग्राम यांवर अजून विसंबावे लागते. परंतु एवढ्यावरून हे श्रम व्यर्थ ठरत नाहीत. जो भाग पूर्वी केवळ मानून घ्यावा लागत होता तो आता वाचून तपासता येतो, आणि जो उरला आहे तो नेमका किती व कोठे आहे हे सांगता येते.

वाट आधीच विचारपूर्वक राखली तर किती श्रम वाचतात, हे गो भाषेच्या उदाहरणावरून कळते. 2015 सालच्या 1.5 या आवृत्तीत तिचा कंपायलर सीमधून गोमध्ये आला, परंतु सीमध्ये असलेली 1.4 ही आवृत्ती पहिली पायरी म्हणून मान्य राहिली, तिच्यावरून 1.17, तेथून 1.20, तेथून 1.22 अशा मोजक्या उड्यांमध्ये वर जाता येते, आणि कोणत्या आवृत्तीला किमान कोणती लागेल हे अधिकृतपणे सांगितलेले असते. ओकॅमलसाठी संशोधकांनी कॅमलबूट हा वेगळा मार्ग नंतर तयार केला, रस्टसाठी एमरस्टसी नंतर लिहावा लागला. दोन्ही कामे थोर आहेत, पण ती करावी लागली याचे कारण पहिली वाट जपली गेली नव्हती, हेच आहे.

म्हणून नवी भाषा घडवणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी आपल्या कर्तव्यात धराव्यात : दुसऱ्या एखाद्या स्थिर भाषेत लिहिलेला, तपासण्या नसलेला का होईना, एक साधा कंपायलर कायम चालू ठेवावा, दोन पायऱ्यांमधले अंतर जाहीर करून ते पाळावे, आणि जुन्या आवृत्त्यांचे सोर्स व त्यांना लागलेली ठिगळे कारणांसह सांभाळावीत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही निदान एक लहानसा कंपायलर अगदी तळापासून, कोणतीही तयार बायनरी न वापरता उभारून पाहावा. ही साधने आज सर्वांसाठी खुली आहेत, आणि ती पुढेही चालती राहावीत यासाठी ती वाचणारी माणसे प्रत्येक पिढीत तयार व्हावी लागतील.